आज माठ कोणाकडे?

सकाळी साडेसात

केडगावातून स्कूटी बाहेर काढते तेव्हा थंडी बोटांना झोंबत असते. मार्गशीर्ष लागला की आमच्या पट्ट्यातली सकाळ उसाची असते. चौफुल्याहून न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर, बाहेर आलेल्या मोळ्या, डांबरावर सांडलेली वाढी. पारगावला भीमेवरचा पूल ओलांडला की दौंड तालुका मागे पडतो आणि शिरूर सुरू होतो. नदीच्या त्या अंगाला एका वस्तीवर माझी जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे. पहिली ते चौथी, आणि त्याच आवारात अंगणवाडी.

माझ्या केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना सोबत घेऊन आल्या. त्या मुलींना त्यांनी नुसतं जेवू घातलं नाही. शेती, विणकाम, छापखान्यातलं काम शिकवलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्याला आपण मदत करतो, त्याच्याही हाताला दुसऱ्याच्या उपयोगी पडणारं काम हवं. सहा-सात वर्षांच्या मुलालाही तेच लागू आहे. ‘सर्वांशी प्रेमाने वागा’ हे फळ्यावर लिहून मूल प्रेमळ होत नाही. आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं, हे त्याला एकदा कळावं लागतं. माझा सगळा दिवस त्या एका गोष्टीभोवती फिरतो.

नऊ वाजता

मुलं एकटी येत नाहीत. वस्तीवस्तीवरून टोळक्याने येतात, पुढे चौथीतलं कोणीतरी, मध्ये बारकी, मागे एखादे आजोबा काठी घेऊन. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्यावरून जाणारा ऊस आहे, आणि उसात बिबट्या आहे. बिबट्याच्या वावरामुळे अशा गावांतल्या शाळांची वेळही साडेनऊ ते चार झाली, म्हणजे पोरं अंधार पडायच्या आत घरी पोचावीत.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याच तालुक्याच्या बेट भागात, पिंपरखेड परिसरात, सुमारे तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला. त्यांतली दोन मुलं होती. लोकांनी रस्ता अडवला, शेवटी नेमबाजांनी बिबट्याला गोळी घातली. पिंपरखेड आमच्यापासून लांब आहे, पण भीतीला अंतर नसतं. त्या दिवसांत पहिलीतली मुलं लघवीला जातानाही एकमेकांचा हात धरून जायची.

म्हणून चालण्याचे नियम आम्ही घोकून घेतले आहेत. एकट्याने जायचं नाही. मोठ्याने बोलत, गाणी म्हणत चालायचं. उसाच्या कडेला वाकून बसायचं नाही, कारण वाकलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. सर्वांत लहान मुलाच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. हा शेवटचा नियम मी घातलेला आहे, आणि माझ्या मते मूल्यशिक्षणाचा वर्षभराचा अर्धा भाग त्यात येऊन जातो. चौथीतल्या दांडगट मुलाला पहिलीतल्या पोराच्या चालीने रोज चालावं लागतं. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला तर थांबावं लागतं.

साडेनऊ

परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष. उद्देशिकेतला ‘बंधुता’ हा शब्द पोरं खणखणीत म्हणतात. परिपाठ संपला की मी विचारते, “आज माठ कोणाकडे?”

वर्गाच्या दाराशी एक पुठ्ठा टांगलेला आहे. त्यावर कामांची चित्रं आहेत आणि प्रत्येक चित्राला कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले आहेत. चिमट्यांवर मुलांची नावं. माठ, पाखरांचं पाणी, परसबाग, हात धुवायची रांग, आणि ‘सोबती’. सोबती म्हणजे नवीन आलेल्या किंवा आजारातून उठलेल्या मुलाजवळ दिवसभर बसणारा. सोमवारी चिमटे हलतात. पहिलीतल्या मुलालाही काम असतं, आणि ते खरं काम असतं. मोठ्यांनी मागून पुन्हा करायचं, असं लुटुपुटूचं नाही.

या आठवड्यात माठ पहिलीतल्या एका मुलाकडे आहे. कालचं उरलेलं पाणी तो बादलीतून शेवग्याच्या आळ्यात नेऊन ओततो. मग काथ्याने माठ आतून घासतो, घासताना त्याचा हात खांद्यापर्यंत माठात जातो आणि चेहरा माठाच्या तोंडावर टेकतो. चौथीतली मुलगी कळशी धरते, तो फडकं ताणून धरतो, पाणी गाळून पडतं. वर झाकण, झाकणावर ओगराळं. मागच्या वर्षी याच कामात एका मुलाने कंटाळा केला होता. सुट्टीत सगळी मुलं माठाशी आली तेव्हा माठ कोरडा. मी काही बोलले नाही. चाळीस तहानलेली तोंडं त्याच्याकडे बघत होती, तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी येऊन माठ घासत बसला होता.

पाखरांच्या पाण्याचं मला थोडं वेगळं सांगायचं आहे. लिंबाला टांगलेल्या वाडग्यात पाणी घालणाऱ्या मुलाला आभार मानायला कोणी येत नाही. चिमणी पाणी पिऊन जाते, बस. एका दगडासाठी खिशात हात घालणारा मुलगा आठवडाभर हे काम करतो तेव्हा त्याचा हात हळूहळू खिशातच राहतो. गलोली मी कधी जप्त केल्या नाहीत. वाडग्याचं काम दिलं.

अकरा

पहिली-दुसरी सरांकडे. तिसरी-चौथी माझ्याकडे, परिसर अभ्यास. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. पुस्तकात धडे आहेत आणि ते चांगले आहेत. पण आमच्या दाराशी नदी आहे, तेव्हा आम्ही नदीपासूनच सुरुवात करतो.

टेबलावर काचेच्या तीन बरण्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत ओढ्याचं, तिसरीत भीमेचं. भीमेचं पाणी एका पालकांनी पुलाखालून आणून दिलं, मुलांना मी काठावर नेत नाही. तिसऱ्या बरणीत जलपर्णीचं एक पान तरंगतं आहे. मुलं नाक मुरडतात.

“हे कोणाचं पाणी?”

“पुण्याचं!” एकसुरात.

खरंच आहे ते. मुळा आणि मुठा पुण्यात एकत्र होतात, हवेलीतून दौंडात येतात आणि रांजणगाव सांडस-वाळकीजवळ भीमेला मिळतात. शहराचं सांडपाणी त्यांच्याबरोबर येतं. पुढे ही भीमा उजनीच्या धरणात जाते, जिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, आणि त्याच्याही पुढे पंढरपूरला तिला चंद्रभागा म्हणतात. तुकोबांची पालखी आमच्या यवत-वरवंडला मुक्काम करते, त्यामुळे चंद्रभागा म्हटलं की मुलांचे डोळे चमकतात. फळ्यावर खडूने मी पुण्यापासून पंढरपूरपर्यंत रेघ ओढते, मध्ये आमच्या वस्तीचा ठिपका.

“मग आपलं काय जातं हिच्यात?”

वर्ग गप्प होतो. मग एक मुलगी म्हणते, “भांड्याचं पाणी.” एक जण म्हणतो, “गुऱ्हाळावर चपला जाळतात, त्याचा धूर येतो बाई, त्यो पाण्यात जातो का?” ते खरं आहे. केडगाव-दापोडीकडच्या काही गुऱ्हाळांवर चुलवणात चिपाडाबरोबर प्लास्टिक आणि चपलांचा कचरा घातला जातो, त्या काळ्या धुराच्या तक्रारी जुन्या आहेत. आणि मग तिसरीतला एक मुलगा हळूच म्हणतो, “आमचे अण्णा फवारणीचा पंप ओढ्यात धुतात.”

सगळी मुलं त्याच्याकडे वळतात. शिक्षकाने सर्वांत जास्त जपायचा क्षण हा. त्या मुलाला शाबासकी देऊन ‘बघा, किती खरं बोलला’ म्हटलं, तर उद्यापासून तो घरच्यांवर नजर ठेवणारा शिपाई होईल. ‘अण्णांना सांग, असं करू नका’ म्हणून पाठवलं, तर आठ वर्षांच्या पोराच्या खांद्यावर बापाला सुधारायचं ओझं येईल. पर्यावरणाच्या नावाखाली मुलांकडून आपण फार वेळा हे करून घेतो, ते मला पटत नाही. मोठ्यांनी घातलेला घोळ मोठ्यांनीच निस्तरायचा असतो. मुलाला त्याच्या हाताच्या मापाचं काम द्यावं.

म्हणून मी विचारते, “पंप धुवायला पाणी शेताच्या कडेलाच मिळालं तर अण्णा ओढ्यावर जातील का?” तो विचार करून म्हणतो, “कशाला जातील?” मग आम्ही ठरवतो की फवारणीच्या दिवशी तो पाच लिटरचा कॅन बांधावर नेऊन ठेवेल. औषधाची बाटली तीनदा खळबळून ते पाणी पंपातच ओतायचं असतं, म्हणजे औषधही वाया जात नाही, हे मी अण्णांना पालकसभेत सांगेन. ते माझं काम.

पाऊण वाजता

खिचडीचा वास वर्गात शिरला की शिकवणं बंद करावं लागतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला पोषण आहारात शंभर ग्रॅम तांदूळ मिळतो. परसबागेतली मेथी, शेवगा, वांगी त्यात पडली की मावशींची खिचडी लग्नाच्या जेवणाला हार जात नाही. आमच्याकडे वाढपी चौथीतले असतात. आधी अंगणवाडी, मग पहिली, असं वर वर जायचं आणि वाढप्यांनी शेवटी बसायचं. पहिली वाढ अर्धीच. लागलं तर पुन्हा मागायचं, कितीही वेळा. टाकलं तर दोन डबे आहेत, एक गोठ्यात जाणारा आणि एक खताच्या खड्ड्यात जाणारा. आता डबे जवळपास रिकामेच असतात.

आज पंगतीत एक नवीन मुलगी आहे. बीडहून आलेल्या ऊसतोड टोळीतली, तिसरीची. कडेवर वर्षाचा भाऊ. आई-बाप दोघं मिळून एक कोयता, पहाटेच फडात जातात, भावाला सांभाळायचं काम हिचं. पहिल्या दिवशी ती कुंपणाबाहेर उभी राहून बघत होती. आज अंगणवाडीच्या मदतनीस ताईंनी बाळ स्वतःकडे घेतलं, म्हणून ती पंगतीला बसली. पण बसल्यावर पहिला घास तिने खाल्ला नाही. उठून अंगणवाडीच्या दारात गेली, बाळाच्या तोंडात चिमूटभर मऊ भात घातला, त्याचं तोंड ओढणीने पुसलं आणि मग परत येऊन जेवली.

तिचा सोबती म्हणून नेमलेली मुलगी हे सगळं बघत होती. जेवण झाल्यावर ती मला म्हणाली, “बाई, हिला तर सगळं येतंय.” माझ्या मनातलंच बोलली ती. काळजी घेणं शिकवायला आपण या मुलांसमोर उभे राहतो, आणि टोळीतल्या मुलीला ते आपल्याहून चांगलं येत असतं. तिला हवा असतो तो काळजीतून दोन तास सुटका देणारा कोणीतरी. लहान मुलीच्या कडेवरचं ओझं हा तिचा गुण म्हणून मिरवायचा नसतो.

दुपारी दोन

जोडीचर्चा. शांतिलाल मुथ्था यांनी 2009 मध्ये बीड जिल्ह्यात ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रम सुरू केला, पुढे तो शासनाबरोबर राज्यभर गेला. त्यातली रीत साधी आहे. शिक्षकाने कमी बोलायचं, मुलांनी जोडीत, गटात बोलायचं, सहयोगी खेळ खेळायचे. नवीन मुलगी पटकन जोडीदाराकडे तोंड करून मांडी घालून बसते. “आमच्या शाळंत बी असंच बसतेत,” ती म्हणते. तिला या शाळेत ओळखीचं वाटलेलं हे पहिलं काही असावं.

आजचा प्रश्न मुलांनीच काढला आहे : बिबट्याला मारावं का?

बहुतेक हात वर. ‘मारावं.’ मी वाद घालत नाही. भीती वाटणाऱ्या मुलाला आधी भीती बोलू द्यावी. एकाची शेळी नेली आहे, वनखात्याने पंचनामा केला, भरपाईही आली, पण ती शेळी त्याने बाटलीने दूध पाजून वाढवलेली होती. भरपाईच्या पैशाने ती परत येत नाही. हे सगळं बोलून होईपर्यंत मी ऐकते.

मग मी त्यांना उसाच्या फडातली गोष्ट सांगते. आमच्या जुन्नर वनविभागात दर हंगामात ती घडते. तोड चालू असताना पाचटात बिबट्याची पिल्लं सापडतात, मांजराएवढी. मादीला ऊस हेच जंगल वाटतं, कारण तिथे आडोसा आहे, पाणी आहे, माणूस वर्षभर आत शिरत नाही. माणसं पिल्लं उचलून घरी नेत नाहीत, वनखात्याला कळवतात. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर पिल्लं तपासतात आणि अंधार पडायच्या सुमाराला त्याच शेतात, सापडली त्याच जागी, क्रेटमध्ये ठेवतात. सगळे लांब जातात. रात्री आई येते, एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. तसं केलं नाही तर चिडलेली मादी त्याच फडाभोवती फिरत राहते, आणि दुसऱ्या दिवशी तिथे कोयता घेऊन माणसंच उतरणार असतात.

टोळीतली मुलगी मान वर करते. “आमच्या फडात घावली व्हती. गेल्या साली. दोन.” सगळा वर्ग तिच्याकडे वळतो. तिच्या बापाने आणि मुकादमाने तोड थांबवली होती, अर्ध्या दिवसाची मजुरी गेली होती. रात्री पाचटाच्या कोप्यांसमोर सगळ्यांनी शेकोट्या पेटवून ठेवल्या होत्या. सकाळी क्रेट रिकामा होता. ती सांगते आणि शेळीवाला मुलगा तोंड उघडं ठेवून ऐकतो.

शेवटी पुन्हा हात वर करायला सांगितले. काही मुलांचं मत बदललं, काहींचं नाही. शेळीवाल्याचं पुरतं बदललं नाही, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. ‘पिंजरा लावून लांब न्यावा’ असं तो म्हणाला. सकाळी तो ‘गोळी घालावी’ म्हणत होता.

साडेतीन

माठ पुसून पालथा. चिमटे तपासले. परसबागेत पाणी. मुलं वस्तीप्रमाणे रांगेत उभी राहतात. आता अडचण अशी की टोळीतली ही मुलगी आणि तिच्याबरोबरची आणखी तीन मुलं कुठल्याच रांगेत बसत नाहीत. त्यांच्या कोप्या कॅनॉलच्या पलीकडे, उभ्या उसाला लागून आहेत. सकाळी ती चौघं एकटीच चालत आली होती.

कॅनॉलच्या वस्तीच्या रांगेतला पुढारी, तोच चौथीतला दांडगट, म्हणाला, “आमी तिकडनं जातो बाई. पूल सोडून जरा आत जायचंय.” पहिलीतल्या मुलाची चाल धरून हा वळसा पंधरा-वीस मिनिटांचा होतो, आणि तो उसाच्या कडेने आहे. त्याचं मन मोडायचं नव्हतं, पण पाच-सात पोरांना त्या वाटेला लावण्याची जबाबदारी मी त्याच्यावर टाकणार नव्हते. आज मी बरोबर येते म्हटलं.

साडेचार

बैलांसमोर वाढी, चुलींचा धूर, पाचटाच्या कोप्या. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, त्यातूनच हा विचार पुढे आला की मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावं. अंगणवाडी हा शब्द आता सरकारी फलकावर बसून गेला आहे, पण कोपीसमोर पोत्यावर बसलं की त्यामागची तळमळ समजते.

मुलीची आई फडातून नुकतीच आली होती, हातांना उसाच्या पात्याचे ओरखडे. पिशवीतून तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं शिक्षण हमी कार्ड काढून दिलं. स्थलांतरित मुलाला जाईल त्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून हे कार्ड असतं. तिने ते जपून आणलं होतं, विचारणारं कोणी भेटलं नव्हतं एवढंच. मी मुलीचं नाव तिसरीत नोंदवून घेतलं. बाकीच्या तिघांचंही. “बाळ रडलं तर?” तिने विचारलं. मदतनीस ताईंना तिथूनच फोन लावला. सकाळी नऊपासून चारपर्यंत बाळ त्यांच्याकडे, दुधाची बाटली आईने भरून द्यायची, असं ठरलं.

मुकादमाशी बोलणं झालं. टोळीतले एक म्हातारे बाबा पाय दुखतो म्हणून फडात जात नाहीत, ते काठी घेऊन कॅनॉलच्या पुलापर्यंत मुलांना सोडतील. पुलापासून पुढे वस्तीवरच्या रांगेत.

रात्री आठ

केडगावला पोचून चहा झाला की पालकांच्या गटावर उद्याचा निरोप टाकते. कॅनॉल वस्तीच्या मुलांनी पावणेनऊला पुलावर थांबायचं, चार मुलं जास्तीची आहेत. सोबतीला असलेल्या आजोबांना विचारून घेतलं, ते दहा मिनिटं आधी निघतील. फवारणी करणाऱ्या अण्णांना वेगळा फोन केला, पालकसभा शनिवारी आहे.

पाठोपाठ त्या दांडगटाच्या वडिलांचा निरोप आला. पोरगं विचारतंय, उद्या रांगेत सगळ्यात लहान कोण, कोपीवरचं की आपलं पहिलीतलं, कारण त्याला चाल कोणाची धरायची ते ठरवायचंय. मी कळवलं, कोपीवरचा सगळ्यात धाकटा पाच वर्षांचा आहे, अंगणवाडीतला. त्याची धर.